२४ बिटची जुनी गाणी घेताय? आधी १६ ची रेघ बघा

जुनी हिंदी-मराठी हिट गाणी फ्लॅकमधे (आवाजातलं काही न कापता साठवणारी फाइल) विकणाऱ्या एका साइटशी (नाव घेत नाही) रिफंडवरून हिवाळ्यापासून वाजलंय, म्हणून म्हटलं लिहूनच टाकतो. पेमेंट, डाउनलोड सगळं झकास, २४ बिट ९६ किलोहर्ट्झ (म्हणजे सीडीपेक्षा वरचा दर्जा), एकेक गाणं ८० एमबीच्या घरात, सुरुवातीचे महिने मी चारचौघांत मिरवत होतो.

मग भाच्याने स्पेक नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, फुकटचं आहे, फाइल टाकली की आवाजाचं चित्र दिसतं, खाली जाड सूर, वर बारीक. आणि काय सांगू भो, ८० च्या दशकातलं डिस्को टाइप गाणं, झांजा नुसत्या दणदणताहेत, आणि १६ किलोहर्ट्झच्या वर एकदम काळं! सरळ आडवी रेघ. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे वरचे सूर कापून लहान केलेल्या, एमपीथ्रीची बहुतेक हीच खूण असते. तीच फुगवून विकली. आम्ही रावेरकडची माणसं, कार्बाइडने पिकवलेली केळी बाहेरून किती पिवळी दिसतात ते आम्हाला कोणी शिकवू नये.

सपोर्टवाला म्हणे, सर जुनं रेकॉर्डिंग आहे, वरचे सूर नसतातच. आता यात थोडं तथ्य आहे बरं का. ५० च्या दशकातली, ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीवरून घेतलेली गाणी पाहिली तर त्यात वरचा भाग हळूहळू विरत जातो, रेघ मारल्यासारखा तुटत नाही, शिवाय तबकडीची खरखर पार वरपर्यंत दिसते. त्या गाण्यांची तक्रार मी काढून घेतली, उलट मोनो गाणं मोनोच ठेवलंय, नकली स्टिरिओ केलं नाही, त्याचे पूर्ण मार्क.

पण ते डिस्कोवालं? त्याचीच सीडी जळगावात जुन्या सामानात ३० रुपयाला मिळाली, कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, फाइल ३० एमबीची, आणि चित्र जवळजवळ २२ किलोहर्ट्झपर्यंत भरलेलं. सीडीत त्याच्या वर काही मावतच नाही, पण तिथपर्यंत तरी आहे ना!

बायको म्हणते दोन्ही सारखंच वाजतं. या वयात १६ च्या वरचं मलाही ऐकू येत नसेल, पण पैसे ९६ किलोहर्ट्झचे घेतले ना त्यांनी?

रिफंडच्या जागी २० टक्क्यांचं कूपन पाठवलंय, त्यांच्याच दुकानात वापरायचं. मेलला उत्तर म्हणून दोन्ही चित्रं पुन्हा पाठवली. तोवर ७० नंतरची गाणी तिथून घेऊ नका, सीडी शोधा.