दुसरा मॉनिटर लावायच्या नादात ४४,२९९ रुपये गेले, कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधू नका

घरून काम करतो, एका स्क्रीनवर शीट आणि दुसरीवर मेल असं लागतं म्हणून दुसरा मॉनिटर घेतला. केबल लावली तर नुसतं 'नो सिग्नल'. कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर सर्च केलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात निघाली. आता मला सांगा, अडलेला माणूस दुसरं काय करतो? नंबर फक्त बॉक्सवरचा किंवा वॉरंटी कार्डवरचाच लावा.

पलीकडचा चांगल्या मराठीत बोलत होता. रिमोट ॲप (ज्यातून समोरच्याला आपली स्क्रीन दिसते आणि चालवता येते) टाकायला लावलं, ड्रायव्हर ॲक्टिव्हेशनचे म्हणून ९९९ घेतले आणि विंडोज बटण धरून पी दाबा, एक्स्टेंड निवडा म्हणाला. मॉनिटर चालू! दोन बटणांचे ९९९ रुपये.

काम झालं होतं, तिथंच फोन ठेवायला हवा होता. पण त्याने लगेच इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही) उघडून लाल एररची रांग दाखवली, म्हणे सर पीसी हॅक झालाय. अहो, त्या लाल खुणा धडधाकट विंडोजमध्येही असतात, पण हे सामान्य माणसाला कोण सांगतं? मग नेटबँकिंग चेक करू म्हणून लॉगिन करायला लावलं, मोबाईलवरही तेच ॲप. माझा हात माउसवर नव्हता आणि बाण आपोआप या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर सरकत होता, मला वाटलं सपोर्टवाले असंच करतात. ओटीपी मी कुणालाही दिला नाही, त्याने तो माझ्या मोबाईलच्या स्क्रीनवरून वाचला. मोबाईलवर असलं ॲप कुणी सांगितलं की फोन कट करायचा, विषय संपला.

आधी २४,८०० गेले. बँकेला फोन लावला तर 'मराठीसाठी दोन दाबा', मग गाणं, आणि ते गाणं वाजत असतानाच १८,५०० गेले! रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम सांगतो की ग्राहकाने कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. बँक म्हणते तुमची तक्रार नोंदली गेली तेव्हा दोन्ही व्यवहार झाले होते. मग फोन उचलायचा कुणी?

पोलीस ठाण्यात म्हणाले सायबरकडे जा, सायबरवाले म्हणाले तुमच्या हद्दीत अर्ज द्या. वर 'शिकलेले दिसता, तरी कसे फसता?' आम्ही फसायला बसलेलो असतो का? नवीन कायद्यात, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. कलम छापून न्या, तोंडी सांगितलं तर हसतात. आणि ठाण्यात जायच्या आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात.

माझे १८,५०० असेच पुढच्या खात्यात होल्ड झालेत. पण सोडवायला कोर्टाची ऑर्डर मागतात, त्यासाठी ठाण्याचा कागद लागतो, आणि तो देणारे साहेब कायम बंदोबस्ताला. कुणाचे होल्डमधले पैसे परत आले असतील तर नेमका कुठला अर्ज केला ते सांगा.