कुलाब्यातलं बारा खोल्यांचं हॉटेल: छान आहे, पण…

२६ जानेवारी सोमवारी आला, म्हणून शनिवारीच डेक्कन क्वीन पकडून मी, नवरा आणि सासूबाई मुंबईत. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण माणसं खरंच चांगली होती हो. जुनी इमारत, रंगीत फरशी, लाकडी कठडा, फोटोत दिसतं अगदी तस्संच! फक्त खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, हे फोटोत कसं दिसणार? सासूबाई प्रत्येक वळणावर थांबून "अजून किती गं?" विचारत होत्या, शेवटी मॅनेजरने स्वतःची खुर्ची जिन्यात आणून ठेवली. खिडकी उघडली तर समोर एसीचे डबे आणि एक कबुतर, सी व्ह्यू म्हणे!

पण जागा मात्र एक नंबर. गेटवे चालत पाच मिनिटं, एलिफंटा रविवारीच उरकलं कारण सोमवारी लेणी बंद असतात. नाश्ता हॉटेलात घेऊच नका, गार टोस्ट आणि पाणचट चहा, त्यापेक्षा टॅक्सीने धोबीतलावला कयानी या इराणी कॅफेत जा, ब्रून मस्का चहात बुडवून खा.

आणि बुक करायच्या आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा, लिफ्ट आहे का आणि खिडकी कुठे उघडते.