ॲक्सिडेंटनंतर पडलेली गाडीची किंमत: मागायची की सोडून द्यायची?

गाडी दुरुस्त होऊन दारात आली, रंग मॅच झाला, इन्शुरन्सनं बिल पण भरलं, आणि तरी विकायला नेली की समोरचा म्हणतो, "मागनं ठोकलेली हाय, लाखभर कमी होणार." हा लाखभर कुठल्याच बिलात दिसत नाही. तो कुणाकडनं मागायचा का गप सोडून द्यायचा, हे गेल्या दोन महिन्यांत मला तिघांनी विचारलं. मी स्वतः माझ्या गाडीपायी त्यातनं गेलोय, आणि माझ्या इचलकरंजीच्या मामेभावानं बरोबर उलटा निर्णय घेतला, तोही त्याच्या जागी बरोबरच होता. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवतो, तुमची गाडी कुठल्या बाजूला बसते ते बघा.

आधी एक गैरसमज काढून टाकूया, कारण सगळेजण इथंच अडकतात. "माझी झिरो डेप पॉलिसी हाय, मग किंमत पडली ती पण मिळणार की." नाही मिळत. साध्या पॉलिसीत बदललेल्या प्लास्टिक-रबराच्या पार्टवर 50 टक्के, फायबरवर 30 टक्के आणि पत्र्याच्या पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे 50 टक्क्यांपर्यंत कापतात, झिरो डेपमध्ये ते कापत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. बाजारात गाडीची किंमत किती पडली याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि पॉलिसीच्या कागदात स्पष्ट लिहिलेलं असतं की घसारा आणि परिणामी नुकसान याला कंपनी जबाबदार नाही. रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडीची मूळ बिलाची किंमत देणारं जादाचं कव्हर) याचं पण तसंच, गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला, तरच ते कामाला येतं. त्यामुळं या पैशासाठी स्वतःच्या कंपनीशी भांडण्यात, पुण्याच्या इन्शुरन्स लोकपालाकडं तक्रार करण्यात वेळ घालवू नका.

नेटवर शोधलं की अमेरिकेतलं बरंच वाचायला मिळतं. तिथं जॉर्जिया राज्यात 2001 च्या कोर्टाच्या निकालानंतर स्वतःच्याच इन्शुरन्स कंपनीला ही पडलेली किंमत द्यावी लागते, आणि कंपन्या गाडीच्या किमतीच्या 10 टक्क्यांपासून सुरू होणारं एक सूत्र वापरतात. ते सूत्र घेऊन आपल्याकडं कुणाकडं जाऊ नका, त्याला इथं आधार नाही.

आपल्याकडं मागायचं ते समोरच्या गाडीच्या मालकाकडनं आणि त्याच्या थर्ड पार्टी इन्शुरन्सकडनं. म्हणजे चूक समोरच्याची पाहिजे. चूक तुमची असेल, किंवा तुम्हीच डिव्हायडरला घातली असेल, तर हा विषय तिथंच संपला.

आता दोन गाड्या.

माझी हॅचबॅक 14 महिन्यांची होती. कोल्हापूरला तावडे हॉटेलच्या अलीकडं हायवेला गाड्या तुंबल्या होत्या, मी थांबलेलो, मागनं माल भरलेला पिकअप आला आणि डिकीत घुसला. डिकीचा फ्लोअर गोळा झाला, मागचा पॅनल कापून नवीन वेल्ड करायला लागला. मामेभावाची सेडान सहा वर्षांची, त्याच्यावर गल्लीच्या तोंडाशी एकजण आडवा आला, बंपर, बॉनेट, एक हेडलाइट आणि रेडिएटर गेला. बिल जवळपास सारखंच आलं, पण नुकसान सारखं नव्हतं, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. त्याचे सगळे पार्ट बोल्टचे, काढले आणि नवीन लावले. माझ्या गाडीचा पत्रा कापला होता.

हे गिऱ्हाईकाला कसं कळतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. उद्यमनगरातला एक जुना मेस्त्री गिऱ्हाईकाबरोबर आला होता. त्यानं इंजिन चालू पण केलं नाही. डिकी उघडली, मॅट उचलली, स्टेपनी बाहेर काढली आणि पत्र्याच्या जोडावर जो सीलंट असतो त्याच्यावरनं बोट फिरवलं. एका बाजूला सीलंट एकसारखा सरळ, दुसऱ्या बाजूला हातानं लावलेला, उंचसखल. मग स्पॉट वेल्डचे गोल ठिपके मोजले, दुरुस्तीच्या बाजूला ते नव्हतेच. शेवटी पेंट मीटर लावला, टपावर 110 मायक्रॉन, मागच्या क्वार्टरवर 400 च्या आसपास, म्हणजे खाली लांबी भरलेली. पाच मिनिटांत काम झालं. मामेभावाच्या गाडीत त्याच मेस्त्र्याला बॉनेटच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे सापडले, एवढंच, आणि किंमत पंधरा-वीस हजारांनी खाली आली.

आकडा कसा काढायचा, इथं लोक लई चुकतात. शोरूमच्या किमतीतनं आजची किंमत वजा करायची नाही. गाडी नुसती उभी राहिली तरी किंमत पडतेच, आयडीव्ही पण दुसऱ्या वर्षी नव्या किमतीच्या 20 टक्के खाली धरतात. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, त्यानं नव्या गाड्या स्वस्त झाल्या आणि जुन्यांच्या किमती पण हलल्या, ते काय पिकअपवाल्यामुळं झालं नाही. बघायचं ते असं: तेच मॉडेल, तेच साल, तेवढंच किलोमीटर, न ठोकलेली गाडी कितीला जाते आणि तुमची कितीला मागतात. मी शाहूपुरीत आणि हायवेकडच्या बाजूला मिळून तीन ठिकाणी लेखी कोटेशन घेतलं, न ठोकलेली साधारण 6 लाख 40, माझी 5 लाख 60 ते 5 लाख 75. म्हणजे 65 ते 80 हजार. मामेभावाचा फरक 20 हजार.

मागायला गेलं तर काय करावं लागतं?

रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा, म्हणजे आमच्या कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात. मोटार वाहन कायद्यात थर्ड पार्टीच्या मालमत्तेचं नुकसान या न्यायाधिकरणापुढं मागता येतं, आणि कलम 168 प्रमाणं न्यायाधिकरण न्याय्य वाटेल ती भरपाई ठरवतं. पण पडलेल्या किमतीसाठी वेगळं कलम किंवा ठरलेला तक्ता नाही, सगळा भार तुमच्या पुराव्यावर. समोरच्या कंपनीचा वकील पहिलंच म्हणणार की दुरुस्तीचे पैसे यांना मिळालेत, आता राहिलं काय? त्याला उत्तर म्हणून पोलिसांचा पंचनामा किंवा निदान स्टेशन डायरीची नोंद, दुरुस्तीच्या आधीचे फोटो, सर्व्हेअर रिपोर्टची कॉपी, वर्कशॉपचं पार्टनिहाय बिल आणि लायसन्सधारक सर्व्हेअरचा किंमत-फरकाचा रिपोर्ट लागतो. यातला फोटो हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त राहून जाणारा पुरावा, कारण एकदा पत्रा कापून रंग मारला की आधी काय होतं ते कुणालाच दाखवता येत नाही.

मुदत पण आहे. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून 6 महिन्यांच्या आत अर्ज करायचा असं कायद्यात आलंय. गाडी गॅरेजमध्ये दीड महिना, क्लेमला एक महिना, मग सणवार, असं करत हे 6 महिने कधी जातात कळत नाही.

समोरच्याची पॉलिसी चालू आहे का ते सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आधीच बघा. खासगी कारच्या पॉलिसीत थर्ड पार्टीच्या मालमत्तेसाठी साधारणपणे 7 लाख 50 हजारांपर्यंत कव्हर असतं, पण काहीजण प्रीमियम वाचवायला ते 6,000 पर्यंत खाली आणतात, आणि मग वरचे पैसे मालकाच्या खिशातनं काढायचे म्हणजे दुसरी लढाई.

मुंबई हायकोर्टाच्या आपल्या कोल्हापूर सर्किट बेंचबद्दल पण लोक विचारतात. 18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं काम सुरू झालं, अपिलासाठी मुंबईला जायला लागत नाही, ही आपल्या सहा जिल्ह्यांसाठी फार मोठी गोष्ट आहे. पण वादातली रक्कम 1 लाखाच्या आत असेल तर अशा निकालावर अपीलच होत नाही. आपल्यासारख्यांचे आकडे बहुतेक तेवढेच असतात, त्यामुळं खालच्या कोर्टात जे होईल ते शेवटचं. मला यात तोट्यापेक्षा फायदा जास्त दिसतो, कंपनीला पण पुढं ओढत नेता येत नाही.

सोडून दिलं तर?

मामेभावानं सोडून दिलं. 20 हजारांसाठी वकील, सर्व्हेअरची फी, तारखांना दुकान बंद ठेवणं, यात 20 हजार तिथंच गेले असते. आणि तो गाडी अजून पाच-सहा वर्षं वापरणार आहे. दहा-बारा वर्षांच्या गाडीला बंपर बदललाय का हे कुणी विचारत नाही, टायर आणि इंजिन बघतात. म्हणजे त्याचं नुकसान आजच्या कागदावर 20 हजार, पण प्रत्यक्षात ते बहुतेक विरघळून जाणार. त्याला फक्त एनसीबी गेल्याचं वाईट वाटलं, ते मात्र खरंखुरं नुकसान आहे, पाच वर्षं क्लेम न करता 50 टक्क्यांपर्यंत आलेली सूट पुढच्या रिन्यूअलला शून्य. तुम्ही मागणी करणार असाल तर हे पण त्यात घाला, बरेचजण विसरतात.

मी मात्र सोडलं नाही. गाडी नवीन, पत्रा कापलेला, चूक शंभर टक्के समोरच्याची, आणि मला वर्षभरात मोठी गाडी घ्यायची होती, म्हणजे नुकसान माझ्याच खिशातनं जाणार हे नक्की. पण थेट कोर्टात गेलो नाही. वकिलांमार्फत पिकअपच्या मालकाला रजिस्टर नोटीस पाठवली, सोबत तीन कोटेशन आणि फोटो जोडले. तो आठ दिवसांनी स्वतः घरी आला. साधा माणूस, ड्रायव्हरची चूक त्यानं मान्य केली, कागद बघून म्हणाला, "दादा, एवढं असतंय मला म्हाईत नव्हतं." 45 हजारांवर मिटलं, दोन हप्त्यांत, खात्यावर. 80 मागून 45 मिळाले, पण चार महिन्यांत मिळाले आणि एकही तारीख पडली नाही. कोर्टात गेलेलं प्रकरण पण लोक अदालतीत असंच मिटू शकतं, तिथं भरलेली कोर्ट फी परत मिळते, फक्त त्या निवाड्यावर अपील नसतं.

आपसात मिटवताना एक वाक्य नीट लिहून घ्या. माझ्या वकिलांनी मुद्दाम लिहिलं की ही रक्कम फक्त गाडीच्या बाजारभावातल्या फरकापोटी आहे, दुरुस्तीच्या खर्चाचा यात समावेश नाही. "सर्व नुकसान भरून पावलो" असं लिहून सही केली, तर तुमच्या कंपनीनं जे दुरुस्तीचे पैसे दिलेत ते समोरच्याकडनं वसूल करायचा तिचा हक्क तुम्ही बुडवला असं होतं, आणि ते तुमच्याच क्लेमवर येऊ शकतं. तसंच क्लेमच्या डिस्चार्ज व्हाउचरवर (पैसे मिळाल्याच्या कागदावर) सही करताना पण वाचून बघा कशापोटी पैसे मिळतायत.

माझ्या हिशोबानं फरक 25-30 हजारांच्या आत असेल, पार्ट बोल्टचे असतील किंवा गाडी लांब वापरायची असेल तर मामेभावासारखं करा. पिलर, एप्रन (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा), चेसिस किंवा फ्लोअर कापला असेल, गाडी तीन वर्षांच्या आतली असेल आणि पोलिसांची नोंद हातात असेल तर निदान नोटीस तरी द्याच. आणि मधे कुठं असाल, ठरत नसेल, तर अपघाताच्या तारखेपासून चार महिने मोजून मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, गाडी गॅरेजला असेल तर आजच जाऊन मॅट उचलून फोटो काढा, फोटोत नंबर प्लेट येऊ द्या, आणि काढलेला पत्रा भंगारात जायच्या आधी त्याचा पण एक काढून ठेवा.