१००-४०० की १५०-६००? एअर शोला जाण्याआधी

पुण्यात लोहगावच्या बाजूला राहणाऱ्याला सुखोई बघायला कुठे जावं लागत नाही. आवाज आला की गच्चीवर धाव घ्यायची, बस. पण कॅमेरा घेऊन तळाच्या कुंपणाशी उभं राहायची सोय नाही. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ नुसार हवाई दलाचा तळ ही प्रतिबंधित जागा. प्रवासी विमानात बसलात तरी पुण्यात चढता-उतरताना खिडकीतून फोटो काढायला मनाई, कारण धावपट्टी हवाई दलाची. त्यामुळे लढाऊ विमानांचे उजळ माथ्याने फोटो काढायचे तर एअर शोच गाठावा लागतो. बंगळूरच्या येलहंका तळावर विषम सालांच्या फेब्रुवारीत भरणारा एरो इंडिया हा त्यातला सगळ्यात मोठा. त्याची तिकिटं निघाली की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो: लेन्स कोणती घेऊ, १००-४०० की १५०-६००? (हे आकडे झूम लेन्सच्या मिलिमीटरचे; आकडा मोठा, तेवढं विमान जवळ.)

दोन्ही मी वापरल्या आहेत. तीन शो १५०-६०० वर काढले, मग ती विकली आणि क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरमुळे चौकट आणखी आवळणाऱ्या कॅमेऱ्यावर, १००-४०० लावली. ब्रँडच्या वादात मी पडत नाही. या दोन वर्गांतल्या बहुतेक लेन्स आता पुरेशा धारदार आहेत, आणि आपल्या शंकांचं मूळ सहसा काचेत नसतं.

रीचचं, म्हणजे लेन्स किती लांबचं जवळ आणते याचं, आधी सांगतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. ६०० ला विमान जवळ येतं, यात वाद नाही. एकटं तेजस उंचावर लूप मारत असेल, तर ४०० ला ते फ्रेममध्ये लहान दिसतं. मात्र २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून ६०० इतकी चौकट कापली तरी साडेदहा मेगापिक्सेलच्या वर उरतात. त्यातून ए३ आकाराचा प्रिंट मी काढून घेतला आहे, आणि भिंतीवर तो मला कुठे कमी वाटत नाही. शिवाय येलहंक्याला दुपारची दोन-अडीचची वेळ असेल, तर तापलेल्या धावपट्टीवरची हवा पाण्यासारखी हलते. अशा वेळी लांबच्या लेन्सने विमानाबरोबर ती थरथरही जवळ येते. सकाळच्या सत्रात ६०० चा उपयोग होतो. दुपारी, निदान माझ्या अनुभवात, टेकऑफचे फोटो दोन्ही लेन्सवर सारखेच वाया गेले.

माझा कल ठरला तो मात्र आकाशाकडे बघताना नव्हे. ठरला गेटवर.

एका शोची गोष्ट. पहाटे निघून गाडी पार्किंगला लावली आणि पाठीवरच्या सॅकमध्ये १५०-६०० घेऊन रांगेत उभा राहिलो. तासाभराने तपासणीपाशी पोहोचलो, तेव्हा तिथल्या जवानाने अगदी सभ्यपणे सांगितलं, "सर, कॅमेरा चालेल, बॅग नाही चालणार." मोनोपॉडही, म्हणजे एकपायी स्टँडही, नाही. त्या शोच्या नियमांत तसं लिहिलं होतं. मी ‘मोठी बॅग’ असं वाचून, माझी काही मोठी नाही, असं धरून चाललो होतो. सॅक ठेवायला जागा नव्हती, म्हणून उन्हातून पार्किंगपर्यंत परत गेलो. तिथे डिकीशी उभा राहून एकेक वस्तू खिशात कोंबली: दोन बॅटऱ्या, कार्डांची डबी, पुसायचं कापड, लेन्सचं पुढचं झाकण. मागचं झाकण गाडीतच राहिलं. मग पुन्हा रांग. दुसऱ्यांदा आत शिरलो तोवर पहिलं उड्डाण होऊन गेलं होतं, त्याचा नुसता धूर दिसला.

त्यानंतरचा दिवस अजून आठवतो. बॉडी आणि हूड (लेन्सपुढची ऊन अडवणारी नळी) लावली की ही लेन्स हातभर लांब होते, आणि दोन किलोंची लेन्स अधिक बॉडी असं सगळं गळ्यात. बॅग नाही म्हणून खाली ठेवायला जागा नाही. जमीन धुळीची, सुक्या गवताची. पाणी प्यायचं तरी एक हात लेन्सखाली. दोन उड्डाणांमध्ये अर्धा-अर्धा तास काही घडत नाही, तेव्हाही वजन मानेवरच. दुपारी सुखोई आलं तेव्हा माझे खांदे इतके भरून आले होते की मी ते डोळ्यांनीच पाहिलं, कॅमेरा उचललाच नाही. ज्याच्यासाठी पुण्याहून गेलो होतो, त्याचाच फोटो नाही. घरी आल्यावर महिन्याभरात लेन्स विकली.

हलक्या १००-४०० लेन्स सव्वा किलोच्या आत मिळतात. कॅननची व्यावसायिक दीड किलोच्या वर जाते, तरी तीही आटोपशीर आहे. हूड उलटा लावून, बॉडीसकट, ती साध्या खांद्यावरच्या पिशवीत मावते. कापडी शबनम असते ना, जवळपास तेवढ्याच मापाची माझी पिशवी आहे. ती तपासून आत सोडली गेली आहे, एकदा नव्हे, दरवेळी. पुढच्या वेळी सोडतीलच याची खात्री कोणी देऊ नये, कारण प्रत्येक शोची यादी नवी असते. ट्रायपॉड, ड्रोन आणि मोठ्या बॅगांवर बहुतेकदा पहिली फुली पडते. पण समजा पिशवीही अडवली, तरी सव्वा किलो गळ्यात घेऊन दिवस निभावतो.

दुसरा फायदा नंतर लक्षात आला. हवाई दलाच्या सूर्यकिरण कसरत पथकाची नऊ हॉक विमानं एकत्र येतात, तेव्हा क्रॉप बॉडीवर १५० सुद्धा जास्त होतं. डोक्याजवळून त्यांची हिऱ्याच्या आकाराची रचना जाताना कडेच्या दोन विमानांचे पंख कापलेले असे माझे कितीतरी फोटो आहेत. १०० ला ते बसतात, मागे धुराला थोडी जागाही राहते. आकाशात धुराचं बदाम काढतात, त्याला मात्र १०० ही पुरत नाही. तिथे मोबाइल काढावा, लेन्स बदलायच्या भानगडीत पडू नये. येलहंक्याची धूळ सेन्सरवर गेली की दिवसभर प्रत्येक निळ्या फोटोत ठिपके.

हेलिकॉप्टरचं गणित वेगळं आहे. जेटला शटर १/१२५० सेकंद ठेवून निवांत राहता येतं, पण ध्रुवचं पातं गोठलेलं दिसलं तर ते खेळण्यासारखं वाटतं. त्यासाठी १/२०० किंवा त्याखाली उतरून पॅनिंग करावं, म्हणजे हेलिकॉप्टरबरोबर कॅमेरा फिरवावा लागतो, आणि तिथे हात किती थकलाय हे फोटोच सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचा शो झाला, तेव्हा सारंग या हेलिकॉप्टर पथकाचा खेळ मी १००-४०० वर काढला. दहांतले तीन-चार फोटो स्वच्छ आले. मोठ्या लेन्सने दिवस सरताना एखादा यायचा. हे मोजमाप काटेकोर नाही, हात माझे आहेत. तुमचे तरुण असतील तर फरक कमी पडेल. मरीन ड्राइव्हला तिकीट नाही, पण दुपार कलली की सूर्य समुद्रावर, म्हणजे थेट समोर येतो, तेव्हा तिथे जागा पकडताना उन्हाचा विचार आधी करावा.

येलहंक्याला तिकिटावरही लेन्स ठरते. २०२५ मध्ये भारतीय नागरिकांसाठी फक्त उड्डाणं पाहण्याच्या जागेचं, म्हणजे ‘अडवा’चं, तिकीट १००० रुपये होतं, प्रदर्शनासह सर्वसाधारण तिकीट २५०० आणि बिझनेस ५०००. ‘अडवा’त जमिनीवर उभी केलेली विमानं जवळून बघायला मिळत नाहीत. त्या वर्षी रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ एकाच शोमध्ये आली होती. ती जवळून टिपायची तर २५०० वालं तिकीट आणि सोबत एखादी छोटी लेन्स हवी. नुसतं आकाशच बघायचं असेल तर ‘अडवा’ पुरे, आणि खरं सांगायचं तर १५०-६०० ची बाजू तिथेच जरा भक्कम होते, कारण सगळं लांबूनच काढायचं असतं.

ज्याला एअर शो दोन वर्षांतून एकदा आणि भिगवणचे पक्षी दर हिवाळ्यात, त्याने माझं ऐकू नये. नावेत बसून रोहितांचा थवा काढताना ६०० ला पर्याय नाही, तिथे पिशवीही कोणी तपासत नाही. दोन्हींसाठी एकच लेन्स परवडत असेल तर मोठी घ्या आणि शोसाठी १००-४०० चार दिवस भाड्याने आणा. उलट केलं तर भाडं दर हिवाळ्यात भरावं लागेल.

हैदराबादला बेगमपेटवर सम सालांत होणाऱ्या विंग्स इंडिया या नागरी विमानांच्या प्रदर्शनाला जात असाल तर हा प्रश्नच उरत नाही. तिथली प्रवासी विमानं इतकी मोठी असतात की १०० सुद्धा कधी जास्त वाटतं.

एवढं वाचूनही मन ठरत नसेल, तर तिकीट काढण्याआधी घरीच एक करून बघा. लेन्स बॉडीला लावलेली ठेवा, रोजच्या खांद्याच्या पिशवीत घाला, चेन लागते का पाहा. मग ती पिशवी खांद्यावर घेऊन तासभर बाजारातून फिरून या.