चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जाताय? आधी व्हिसावरचं अक्षर बघा

पुण्यातल्या एका एजंटने मला ग्वांगझोजवळच्या फोशान शहरात इंग्रजी शिक्षिकेची नोकरी लावून दिली. महिना १४,००० युआन, राहायला फ्लॅट, वर्षाचा करार. एम.ए. इंग्रजी आणि बी.एड. आहे म्हटल्यावर "मग काही प्रश्नच नाही" म्हणाला आणि पावणेतीन लाख घेतले. पावती निम्म्याचीच दिली, तीही 'मार्गदर्शन शुल्क' म्हणून.

पासपोर्टवर व्हिसा लागून आला तो 'एम', म्हणजे व्यापारी कामासाठीचा; नोकरीसाठी 'झेड' लागतो. विचारलं, तर उत्तर तयार होतं: "मॅडम, सगळे असेच जातात. तिथे गेलात की शाळा झेड करून देते." हे धादांत खोटं आहे. आधी तिथल्या शाळेने तुमच्या नावाने वर्क परमिटचं नोटिफिकेशन लेटर काढायचं, ते दाखवून भारतातूनच झेड व्हिसा घ्यायचा आणि पोहोचल्यावर ३० दिवसांत रेसिडन्स परमिटसाठी अर्ज करायचा, असा तो क्रम आहे.

फोशानला 'शाळा' म्हणजे एका मॉलमधलं लहान मुलांचं ट्रेनिंग सेंटर निघालं. मॅनेजरबाईंनी सांगितलं, पालकांनी विचारलं तर कॅनडाची आहे म्हणायचं. दाराजवळच्या फलकावर माझा फोटो आणि खाली कॅनडाचा झेंडा! कारण मागाहून कळलं. इंग्रजीच्या शिक्षकासाठी तिथे मुळात इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचा पासपोर्ट मागतात. आपल्यासारख्यांना पदवीच्या जोरावर सूट मिळू शकते, पण ती मिळवणं जिकिरीचं. सेंटरने माझ्यासाठी अर्जच केला नव्हता.

एका दुपारी वर्ग चालू असताना मदतनीस मुलगी धावत आली, माझ्या हातातली फ्लॅशकार्डं काढून घेतली आणि मला मागच्या जिन्याकडे ढकललं. तपासणीला अधिकारी आले होते. मुलं 'ॲपल, ॲपल' म्हणत होती, त्यांना काय कळणार? फोन येईपर्यंत मी समोरच्या नूडल्सच्या दुकानात बसून होते. घशाखाली घास उतरत नव्हता.

२०१३ पासून लागू असलेल्या तिथल्या कायद्यानुसार बेकायदा काम करणाऱ्या परदेशी माणसाला ५,००० ते २०,००० युआन दंड होतो आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी. मालकालाही दंड आहे, पण घाबरतो तो आपणच, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मला पगार अर्धाच मिळाला. उरलेला मागितला की "पोलिसांकडे जा" म्हणायचे. जाणार कशी? लुबाडलं मला, आणि कायद्याने गुन्हेगारही मीच. व्हिसाची मुदत संपायच्या आत स्वतःच्या पैशाने तिकीट काढून परत आले.

आपल्याकडे परदेशी नोकरीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येते. उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच शुल्क घेता येतं. या माणसाचं नाव त्या यादीत नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे. अजून पैसे मिळालेले नाहीत.

त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र पुन्हा जाहिरात आली आहे, या वेळी चेंगदूची, "फ्रेशर मुलींना प्राधान्य". तुमच्यापर्यंत ती पोहोचली असेल तर एक रुपयाही देण्याआधी त्याच्याकडे नोंदणी क्रमांक आणि नोटिफिकेशन लेटर मागा.