पॉवर टिल्ट आणि सेन्सरवाली व्हीलचेअर: पुण्यात नऊ महिने वापरल्यावर

मानेला दुखापत होऊन मला अकरा वर्षं झाली. सी-६ लेव्हल, म्हणजे मानेच्या सहाव्या मणक्यापाशी. खांदे हलतात, कोपर वाकतं, मनगट वर उचलता येतं, बोटांत मात्र पकड नाही. पहिली दहा वर्षं साध्या व्हीलचेअरवर गेली, आणि ती ढकलायची आईने नाहीतर भावाने. गेल्या दिवाळीत पॉवर टिल्ट (बटण दाबलं की अख्खी बैठक मागे झुकते ती सोय), वर होणारी सीट, सेन्सर आणि मोबाइल ॲप असलेली खुर्ची घेतली. गादी आणि ५ टक्के जीएसटी धरून साडेचार लाखांच्या आसपास गेली. कंपनीचं नाव देत नाही, कारण या सोयी आता बऱ्याच खुर्च्यांत मिळतात आणि मला लिहायचंय ते सोयींबद्दल.

खुर्ची येण्याआधी एक आठवडा भावाने वहीत रेघा मारून ठेवल्या होत्या. मी दिवसभरात ‘आई, जरा ये गं’ किती वेळा म्हणते ते मोजत होता. रोजच्या ३४ हाका भरल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त एकाच कामासाठी: मला मागे टेकव, जरा उचल, सरळ कर. आता त्या दिवसाला ११-१२ वर आल्यात, आणि हे श्रेय जवळजवळ सगळं टिल्टचं आहे.

टिल्ट आणि नुसती पाठ मागे पडणं यांत फरक आहे, आणि दुकानात तो कुणी नीट सांगत नाही. पाठ तेवढी मागे गेली की अंग सीटवरून पुढे घसरतं आणि माकडहाडापाशी कातडी ओढली जाते. टिल्टमध्ये बैठक, पाठ आणि पाय ठेवायची पट्टी अख्खीच्या अख्खी मागे झुकते, गुडघ्याचा आणि कमरेचा कोन तोच राहतो. बुडाखालचं वजन पाठीवर जातं. तीन वर्षांपूर्वी बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून जखम, होऊन मी साडेतीन महिने कुशीवर पडून होते, त्यामुळे हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे. सुरुवातीला मी १५ अंश झुकायचे आणि झालं असं समजायचे. आमच्या फिजिओथेरपिस्टताईंनी सांगितलं की ३० च्या पुढे गेल्याशिवाय बुडाखालचा दाब म्हणावा तसा उतरत नाही. आता ॲप दर अर्ध्या तासाला आठवण देतं, मी ४५ अंशांवर जाते, दोन-तीन मिनिटं तशीच राहते, परत येते. शिकवणी चालू असताना मुलांना ऑनलाइन दिसतं, ‘टीचर मागे गेल्या’, आणि ती तोवर गणित सोडवतात.

दुसरा उपयोग मी आधी धरलाच नव्हता. आमच्यासारख्यांचं ब्लडप्रेशर बसल्या बसल्या उतरतं. एप्रिलमध्ये भर दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली, आई खाली भाजीला गेलेली. पूर्वी मी तशीच बेशुद्ध पडले असते. कोपराने बटण दाबलं, पाय वर आले, मिनिटभरात डोकं ताळ्यावर आलं. म्हणून माझी कळकळीची विनंती: टिल्टचं बटण खुर्चीवरच हवं, हाताला लागेल असं. माझ्याकडे डीलरने आधी फक्त ॲपवर चालू करून दिलं होतं. त्या क्षणी फोन उघडून ॲप शोधणं मला शक्यच नव्हतं. मी हट्टाने कोपराजवळ वेगळा स्विच बसवून घेतला.

आता जॉयस्टिक. हे तंत्र जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी कॅनडात जॉर्ज क्लाइन यांनी विजेवर चालणारी खुर्ची बनवली होती. नवीन आहे ते जॉयस्टिकमागचं प्रोग्रॅमिंग. टेक्निशियनने लॅपटॉप जोडून वेग किती पटकन चढावा, वळताना किती कमी व्हावा, हाताला झटका आला तर किती दुर्लक्ष करावं, हे सगळं माझ्या हातावर बेतून दिलं. गोल मुठीऐवजी यू आकाराची मूठ बसवली, त्यात तळहात अडकवून ठेवते. घरात ताशी २ किलोमीटर, बाहेर ६. या सेटिंगला तीन तास लागले आणि ते सत्कारणी लागले. कुणी वीस मिनिटांत ‘झालं’ म्हणाला तर ऐकू नका.

आणि जायरो, म्हणजे खुर्ची किती वळतेय ते मोजणारा सेन्सर. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. मैत्रिणीच्या साध्या पॉवर खुर्चीवर मी कोथरूडमध्ये दहा मिनिटं गेले होते. खुर्ची सारखी डावीकडे ओढत होती, उजवा खांदा दुसऱ्या दिवशीही ठणकत होता. जायरो असलेली खुर्ची आपण वळतोय की घसरतोय हे स्वतः ओळखते आणि दोन्ही मोटरींचा जोर बदलते. कर्वे रोडच्या कडेने मी सरळ जाते.

अडथळा दिसला की खुर्ची थांबवणाऱ्या सेन्सरांबद्दल मन तेवढं भरलं नाही. घरात दाराच्या चौकटीला धडक वाचते हे खरं. पण यंदा पालख्या आल्या तेव्हा आम्ही फर्ग्युसन रस्त्यावर गेलो होतो. चारही बाजूंनी माणसं, त्यामुळे खुर्ची पाऊलभर गेली की थांबायची. शेवटी सेन्सर बंद केले. मग सीट वर घेतली, साधारण २५ सेंटीमीटर. वर असताना खुर्ची अगदी हळू चालते, उलटू नये म्हणून तशी रचना असते. अकरा वर्षं गर्दीत मला लोकांच्या पाठी आणि पिशव्या दिसल्या होत्या. त्या दिवशी तुळस डोक्यावर घेतलेल्या एका आजींचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. त्या ‘माउली’ म्हणाल्या, मीही म्हणाले. हे वैशिष्ट्य मी चैन समजून नको म्हणणार होते.

बिघाडाचंही सांगते. जुलैच्या पावसात नळ स्टॉपजवळ खुर्ची बंद पडली. जॉयस्टिकच्या जोडणीत पाणी गेलं होतं. या मोटरींचे ब्रेक वीज असताना सुटतात आणि वीज गेली की लागतात, उतारावर गडगडू नये म्हणून. त्यामुळे ढकलायची तर मागचे दोन लिव्हर फिरवावे लागतात, आणि ते फिरवले की ब्रेक अजिबात राहत नाही. खुर्ची ११० किलोची, वर मी. भाऊ आणि दोन रिक्षावाले काका यांनी मिळून घरापर्यंत आणली. ॲपवर नुसता एक कोड दिसत होता, अर्थ काही नाही. सर्व्हिसचा माणूस नऊ दिवसांनी आला. ते नऊ दिवस जुनी खुर्ची होती म्हणून निभावलं, तेव्हा जुनी विकू नका. खुर्ची घेतानाच विक्रेत्याकडून कोडची यादी मागून घ्या, आणि जॉयस्टिकला प्लॅस्टिकची टोपी शिवून घ्या. माझी आईने शिवली, साडीच्या कव्हरची.

बॅटरी लिथियमची. कंपनी २५ किलोमीटर सांगते, चढ-उतार धरून मला १६-१७ मिळतात. रोजच्याला पुरतं.

मेट्रोत खुर्ची छान बसते. मार्चमध्ये नळ स्टॉपहून छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनपर्यंत, तीन स्टेशनं, एकटी गेले. लिफ्टमधून बाहेर आल्यावर पगडीच्या आकाराच्या छताखाली थोडा वेळ थांबले आणि भावाला फोटो पाठवला. खरी अडचण घरापासून स्टेशनपर्यंतची. दुचाकी चढू नयेत म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथवर खांब लावलेत. दोन खांबांमधली जागा ५५ सेंटीमीटर, माझी खुर्ची ६२. म्हणून मी रस्त्यावरून, गाड्यांच्या बरोबरीने जाते. यावर खुर्चीतलं कुठलंच तंत्र चालत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

इमारतीलाही दोन पायऱ्या होत्या, मिळून एक फूट. १ ला १२ या प्रमाणात रॅम्प १२ फुटांचा लागतो. सोसायटीने आधी ६ फुटांचा करून दिला. त्यावरून खुर्ची चढायची, पण उतरताना पुढे तोल जायचा. पुन्हा करून घेतला.

घ्यायचीच असेल तर खुर्ची एक दिवस घरी आणायला सांगा. दुकानातल्या फरशीवर सगळ्याच चांगल्या चालतात. बाथरूमच्या दारात वळवून बघा, टेबलाखाली गुडघे जातात का बघा, पूर्ण टिल्ट केल्यावर मागे भिंत लागते का बघा. आमच्या स्वयंपाकघराचं दार २४ इंची निघालं. चौकट काढून ते रुंद करून घेतलं, आणि मगच पैसे भरले.