बुडालेलं डिझेल इंजिन कमी पैशांत उभं केलं: एका मोसमानंतरचा अनुभव

खाऱ्या पाण्यात रात्रभर बुडालेलं माझ्या बोटीचं तीन सिलिंडरचं इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) डिझेल इंजिन पुन्हा चालू केलं, त्याला आता अख्खा मोसम होऊन गेला. सकाळी थंडगार असतानाही ते चालू होतं, धूर थोडा वेळ पांढरा येतो आणि मग साफ होतो. पण कुठला खर्च सार्थकी लागला आणि कुठला पाण्यात गेला, याचं उत्तर इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा मी वेगळं दिलं असतं. आज वेगळं देईन, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पंख्याचा शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून (पाणी अडवणाऱ्या सीलमधून) पाणी ठिबकत राहिलं, बॅटरी उतरल्यामुळे तळातला पंप बंद पडला आणि पाणी इंजिनाच्या वरच्या टॅपेट कव्हरपर्यंत चढलं. मी बोट घेतली ती यानंतर, आणि म्हणूनच ती मला परवडली. आधीच्या मालकाने एक काम फार शहाणपणाचं केलं होतं, ते म्हणजे त्याने सेल्फ मारून बघितला नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, आणि रॉड वाकला की कमी खर्चाचा विषयच संपला. त्याने पाणी उपसल्यावर त्याच दिवशी नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढले, क्रँक पान्याने हळूहळू फिरवून पाणी बाहेर काढलं आणि सिलिंडर डिझेलने भरून ठेवले. गंज खरा धरतो तो इंजिन पाण्याबाहेर आल्यावर. आत मीठ, ओल आणि वरून हवा मिळाली की लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) तांबडी झाक यायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे इंजिन वाचवण्याचं अर्धं श्रेय त्या माणसाचं.

मी दोन मेकॅनिकना दाखवलं. एकाने झाकण नीट उघडायच्या आधीच 'भंगारात काढा' म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, हेडपासून क्रँकपर्यंत सगळं उघडू. दोघांचंही ऐकलं नाही. क्रँक हाताने पूर्ण फिरत होता, कुठे अडकत नव्हता. अशा इंजिनाचं हेड उतरवायचं म्हणजे गॅस्केट, बोल्ट, व्हॉल्व्हचं काम असा खर्च वाढतच जातो. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती बनतो ते, मोजलं. दोन सिलिंडर २६ बार, तिसरा २२. फरक होता, पण हेड उघडण्याइतका वाटला नाही. मोसमानंतर पुन्हा मोजलं तेव्हा तिसरा २४ वर आला होता. पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा चालता चालता मोकळ्या झाल्या असाव्यात.

ऑईलचं काम कंटाळवाणं, पण इथे कंजुषी करू नका. उलट स्वस्तातलं ऑईल भरपूर आणा. सम्पमधून (इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या टाकीतून) पहिल्यांदा जे निघालं ते ताकासारखं होतं. मग निम्मं डिझेल, निम्मं स्वस्त ऑईल भरून इंजिन हाताने फिरवलं आणि सगळं काढून टाकलं. त्यानंतर साधं ऑईल, नवा फिल्टर, थोडा वेळ चालवणं, आणि गरम असतानाच पुन्हा काढणं. असं करत राहायचं. डिपस्टिकच्या नळीतून उपसणार असाल तर तळाशी थोडं राहतंच, त्यामुळे एखादा बदल जास्त धरा. पाणी गेलं की नाही हे डोळ्यांना चटकन कळत नाही. काढलेलं थोडं ऑईल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायचं, पाणी असेल तर सकाळी तळाशी दिसतं. महागडं ऑईल फक्त शेवटच्या वेळी भरायचं.

नुसतं न्यूट्रलमध्ये चालवून ऑईल नीट तापत नाही. बोट धक्क्याला पक्की बांधून गिअरमध्ये टाकून चालवावं लागतं. माझ्या इंजिनाला हीट एक्स्चेंजर आहे, म्हणजे आत वेगळं कूलंट फिरतं आणि समुद्राचं पाणी फक्त त्याला थंड करतं, त्यामुळे ते ८० अंशांच्या आसपास जातं आणि उरलीसुरली ओल उडते. थेट समुद्राच्या पाण्यावर थंड होणारी इंजिनं मुद्दाम ६० अंशांच्या आसपास ठेवलेली असतात, नाहीतर आत क्षार धरतात. त्यांच्यात ओल उडायला जास्त वेळ लागतो.

आता खरी डोकेदुखी, वायरिंग. सेल्फ आणि अल्टरनेटर दोन्ही खोलून आधी गोड्या पाण्याने धुतले, मग मंद उष्णतेवर वाळवले. धुण्याआधी वाळवलं तर मीठ आतच राहतं आणि हवेतली ओल ओढत बसतं. सेल्फला नवे कार्बन आणि बुश घातले, आजतागायत तक्रार नाही. अल्टरनेटर मात्र काही महिन्यांतच मेला. डायोडच्या प्लेटवर बुरशीसारखा पांढरा गंज आला होता. बुडालेला अल्टरनेटर दुरुस्त करण्यात पैसे घालू नका, जुन्या इंजिनावरचा चालू स्थितीतला मिळाला तर तो बसवा, मी शेवटी तेच केलं.

वायरी वरून ठणठणीत दिसत होत्या. सेल्फ अधूनमधून नुसता टक् करून गप्प बसायचा. मग मीटर लावून बघितलं, तर सेल्फ फिरताना बॅटरीपासून सेल्फपर्यंतच दोन व्होल्टहून जास्त गळत होते. १२ व्होल्टमधले दोन! केबलचं टोक कापलं. तांबं काळं. अजून वीतभर कापलं, तरी काळंच. इन्सुलेशनच्या आत पाणी तारांमधून वर चढलेलं असतं. लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) नवा लावून काही होत नाही, कारण सडलेल्या तारेवरच तो दाबला जातो. शेवटी सगळी वायरिंग टिन चढवलेल्या तारेची नवी टाकली. इंजिनाच्या अर्थिंगची केबलही बदलली, तिला लोक हमखास विसरतात. हेच पहिल्या दिवशी केलं तर कितीतरी संध्याकाळी वाचतात.

फ्युएल पंप डिझेलने गच्च भरलेला होता, म्हणून त्यात पाणी शिरलं नाही आणि त्याला हातच लावला नाही. नोझल तपासायला दिले, त्यातला एक नीट फवारत नव्हता, तो बदलला. टाकीतलं डिझेल पूर्ण उपसून टाकलं. थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, नवा घातला. गिअरबॉक्सचं ऑईल दोनदा बदललं, काम झालं.

एक्झॉस्टचं एल्बो, जिथे थंड करणारं पाणी धुरात मिसळतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. मोसमाच्या मध्यावर जास्त आरपीएमला इंजिन तापायला लागलं म्हणून ते उतरवलं. बाहेरून रंग सुद्धा शाबूत, आत मात्र काजळी आणि गंज मिळून निम्मी वाट बंद. हे आतून कुजून फुटलं तर पाणी उलटं सिलिंडरमध्ये येऊ शकतं, म्हणजे सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. नवं बसवलं, आणि पाण्याच्या नळीवरचा सायफन तोडणारा व्हॉल्व्हही (इंजिन बंद असताना समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये म्हणून असलेला) उघडून साफ केला. तो मिठाने चिकटलेलाच होता.

ऑईलमध्ये टाकायची औषधं, गंज जिरवणारे स्प्रे, रंग यांवर गेलेले पैसे निव्वळ हौस. स्प्रे बाहेरच्या नटबोल्टांपुरते ठीक आहेत.

रॉड वाकलेला असेल, किंवा इंजिन खारं पाणी आत घेऊन आठवडेच्या आठवडे तसंच पडलं असेल, तर या वाटेला जाऊ नका. तेव्हा वापरलेलं दुसरं इंजिन शोधणंच स्वस्त पडतं.

सध्या एकच दुखणं शिल्लक आहे. क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑईल पाझरतं. ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवून इंजिन पुढे सरकवावं लागेल. पाझर थेंबांत आहे, वाढत नाहीये, म्हणून खाली ट्रे ठेवलाय आणि दर वेळी निघण्याआधी डिपस्टिक बघतो. वाढला तर बघू.